होल्ड लागलेला माल

अहो नाही हो, टिकली नाहीये ती! टिकली मनगटावर कोण लावतं? आणि एवढी मोठी, पिवळीधमक, चौकोनी? तुम्हीसुद्धा ना शोभाताई... स्टिकर आहे तो. कारखान्यातला. होल्डचा. काढून टाकू म्हणता? बघा हं, हात लावून तर बघा! काल संध्याकाळपासून जपतेय मी त्याला, आज आंघोळ केली ती हा हात मोरीच्या बाहेर धरून, साडीच्या निऱ्या केल्या एका हाताने, आणि रिक्षात बसले तर रिक्षावाला विचारतो, "माताजी, भर्ती होने जा रही हो क्या?" आता त्याला काय सांगू? की बाबा, मी भरती व्हायला नाही चालले, मला माझ्या नवऱ्याने अडवून ठेवलंय? आणि काढायचा का नाही, तर ज्याने लावला त्यानेच काढायचा, असा नियम आहे. कुणाचा नियम? आमच्या ह्यांचा! नोकरी संपली, कारखान्याचं गेट ह्यांना बंद झालं, पण नियम काही रिटायर झाले नाहीत. पण सांगणार कोण? इन्स्पेक्टर ना ते!

सरका हो जरा, बसू द्या. बरं झालं बाई, आज दवाखान्याच्या बाकावर सगळ्या आपल्या मंडळातल्याच भेटल्या. नंबर यायला अजून वेळ आहे, डॉक्टरीणबाई राउंडवरून यायच्यात. हे? हे तिकडे खिडकीपाशी उभे आहेत, वजनकाट्याजवळ. काट्यावर उभे नाहीत, काट्याकडे बघतायत. काटा शून्यावर आहे की नाही ते बघतायत. आपलं वजन नाही करायचं, काट्याचं करायचं!

तर तुम्हाला सांगते, हे सगळं सुरू झालं त्या निरोपसमारंभापासून. आता निरोपाला माणसाला काय देतात? शाल देतात, नारळ देतात, भिंतीवरचं घड्याळ देतात. ते सगळं दिलंच. पण आमचे मनोहरभाऊजी आहेत ना, ह्यांच्याच मालतपासणीच्या खात्यातले, त्यांना भारी गंमत सुचली. त्यांनी एका खोक्यात घालून दिले स्टिकर. हिरवे म्हणजे पास, पिवळे म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. म्हणाले, "वहिनी, श्रीकांतला घरी करमायचं नाही, हे असू द्या." सगळे हसले. मीपण हसले! दात काढून हसले मी, त्या फोटोत आहे, बघाल कधी तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला गेले, तर साखरेच्या डब्यावर लाल. तुपाच्या बरणीवर पिवळा. रतलामी शेव, जी मी सुनेपासून लपवून वर ठेवली होती, तिच्यावर लाल. लोणच्यावर लाल. मी म्हटलं, अहो हे काय? तर चष्मा कपाळावर ढकलून, हातात पेन घेऊन म्हणतात कसे, "अलका, या वयात इनकमिंग मटेरियल कंट्रोल केलं नाही, तर फायनल प्रॉडक्टची गॅरंटी कोण देणार?" फायनल प्रॉडक्ट म्हणजे आम्ही! मी, मुलगा विनायक आणि सून वंदना. माणसं नाही, प्रॉडक्ट! मिठाची बरणी तर थेट कपाटात. किल्ली ह्यांच्याकडे. आमटीत मीठ घालायचं तर मी कढईपाशी उभी राहून हाक मारणार, आणि हे येणार, चमच्याने मोजून देणार, परत कुलूप. तुम्ही हसताय, पण मी त्या दिवसांत तुमच्याकडे सारखी यायचे ना हो शोभाताई, ती गप्पा मारायला नाही... तुमच्याकडच्या भज्यांत मीठ असायचं!

आणि पोळ्या? अहो, पोळीला व्हर्निअर लावला ह्यांनी! तो जाडी मोजायचा असतो ना, लोखंडी, तो. "मध्ये वेगळी, कडेला वेगळी. अलका, युनिफॉर्म नाहीये." मी म्हटलं, माझ्या आईने शिकवलीय पोळी, कारखान्याने नाही! वंदनाची तर रोजची रडारड. ती पोरगी भोपाळचीच, जन्म इथला, मराठी बोलता बोलता हिंदीत कधी जाते तिचं तिला कळत नाही. ऑफिसला जायच्या गडबडीत धावत यायची, "आई, बाबांनी ना माझा पराठा होल्ड केलाय! अब मैं टिफिन में क्या ले जाऊं?" आणि हे शांतपणे, "त्यात बटाटा जास्त आहे. सोबत काकडी घे, मग सोडतो." रविवारचे पोहे-जलेबी बंद! भोपाळात राहून रविवारी पोहे-जलेबी नाही, म्हणजे मग भोपाळात राहायचं तरी कशाला? आमची अमरावती काय वाईट होती? एकदा विनायक हळूच मार्केटमधून पुडा घेऊन आला, तर जिन्यातच पकडला. जलेबी उजेडात धरली, वास घेतला, नि... लाल. मग तो लाल स्टिकर लावलेला पुडा कोणी खाल्ला म्हणून विचारू नका. मला माहीत नाही. मी तेव्हा गॅलरीत होते. पण सांगणार कोण? इन्स्पेक्टर ना ते!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तुम्हाला सांगते, मला या माणसाची मीठ-साखर परवडली असती हो. हा बाबा सगळ्या जगाला तपासत होता, आणि स्वतःला मात्र हिरवा लावून मोकळा झाला होता!

आमचं क्वार्टर तुम्हाला माहीतच आहे, वरच्या मजल्यावरचं. चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या असतील नसतील, देव जाणे, मी कधी मोजल्या नाहीत. फिरून आले की हे जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबायचे. कठडा धरायचे. खाली वाकून बघायचे. मी वरून विचारलं, काय हो, काय झालं? तर म्हणे, "वेल्डिंग बघतोय. इथे गंज धरतोय." मला पटलं! का नाही पटणार? ह्यांनी आमच्या लग्नात मांडवाचे बांबूसुद्धा हलवून बघितले होते. दुसऱ्या दिवशी परत वेल्डिंग. तिसऱ्या दिवशी परत. मग बागेत फिरताना प्रत्येक बाकापाशी थांबायला लागले. "बाकाचे नट सैल आहेत." मग भाजी घेऊन येताना कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी. मी म्हटलं, या टाउनशिपमध्ये एवढं सगळं एकदम कसं सैल झालं? आणि मग एक दिवस मी मागून जिना चढत होते, ह्यांना माहीत नव्हतं. तर हे कठडा धरून उभे, आणि वेल्डिंगकडे बघतच नव्हते हो. डोळे मिटलेले. दुसरा हात इथे, छातीवर. आणि श्वास असा... भात्यासारखा.

माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली. टमाटे गेले घरंगळत खालच्यांच्या दारापर्यंत. ह्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? "गॅस आहे." गॅस! वसंतभाऊजी, ह्यांचे थोरले भाऊ, तेसुद्धा गॅसच म्हणायचे. ओवा खात होते बिचारे शेवटच्या दिवसापर्यंत. त्यांच्या तेराव्याला हेच मला म्हणाले होते, "दादाने वेळेवर दाखवायला हवं होतं." हेच! आणि आता स्वतः गॅस! मी घाबरले हो. खरंच सांगते, त्या दिवसापासून मी घाबरूनच होते. हे जरा वेळ बाथरूममध्ये राहिले की मी दाराशी. हे फिरायला गेले की मी गॅलरीत, जिन्यावर पावलं वाजेपर्यंत तिथेच.

बरं, सांगून पाहिलं नाही का? सगळ्यांनी सांगितलं! मी रडून सांगितलं. विनायक म्हणाला, "बाबा, आपल्या कारखान्याच्या कार्डावर सगळं फुकट आहे, नुसतं चला." तर म्हणे, "तू कारखान्यातलं तुझं शॉप सांभाळ." वंदनाने लाडाने सांगितलं, "बाबा, एक बार बीपी करून घ्या ना, प्लीज." तर तिला, "मी मीठ खात नाही, मला बीपी कसा असेल?" मनोहरभाऊजींनी सांगितलं तर त्यांच्याच पोटाकडे बोट दाखवलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "मी रोज सगळं तपासतो. मला काय तपासायचंय?" आता बोला! सांगणार कोण? इन्स्पेक्टर ना ते!

मग मला आठवलं. म्हणजे सुचलं वगैरे काही नाही हो, मी कुठली हुशार. मी आपली चिडून तूप शोधत होते, त्या होल्डच्या बरणीपाशी, आणि एकदम आठवलं. ह्यांची एक गोष्ट आहे, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली आहे, तुम्हीपण ऐकली असेल. की एकदा एक भला मोठा जॉब, म्हणजे मशीनचा भाग हो, तयार होता, गाडी दारात उभी, आणि ह्यांनी त्याला पिवळा लावला. मोठे साहेब आले, ओरडले, म्हणाले जाऊ दे, किरकोळ आहे. हे म्हणाले, "सर, होल्ड लागलेला माल जागेवरून हलत नाही. ज्याने लावला तोच काढेल. आणि ज्याने माल बनवला, त्याने स्वतःच तो पास करायचा नसतो, तिसऱ्याने तपासायचा असतो." गाडी रिकामी गेली! ही गोष्ट सांगताना ह्यांचा चेहरा काय होतो म्हणून सांगू... या माणसाने आयुष्यात देवाला नवस बोलला नाही, पण पिवळ्या स्टिकरचा शब्द मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून फिरायला निघाले. मी थांबले. परत येताना मधल्या टप्प्यावर पावलं थांबली. वेल्डिंग! मी तशीच खाली गेले, पदर खोचून, आणि ह्यांच्या शर्टाच्या खिशावर, बरोबर छातीवर... फट्! पिवळा!

हे बघतच राहिले. हात आपोआप वर गेला काढायला. आणि तिथेच थांबला. अहो, देवाशप्पथ, तिथेच थांबला! काढता येईना! मला विचारतात, "कोणी लावला?" मी म्हटलं, मी. "कारण लिहिलंय? कारणाशिवाय होल्ड लागत नाही." म्हणजे बघा, श्वास पुरत नाहीये, घाम फुटलाय, पण कारण लिहिलंय का! मी म्हटलं, लिहिलंय, वाचा. वंदनाची भुवया रंगवायची पेन्सिल मिळाली होती, त्या पेन्सिलीनेच लिहिलं होतं. ह्यांनी मान वाकडी करून वाचलं. मोठ्याने वाचलं. "जिना चढताना थांबतो आणि खोटं बोलतो."

मग हे पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, टमाटे पडले तेव्हा. म्हणाले, "मला भीती वाटत होती, अलका. तपासलं आणि रिजेक्ट निघालो तर?"

...

बसले मी पण शेजारी. मी म्हटलं, रिजेक्ट झालेला माल माझ्या घरी पुष्कळ आहे, सगळा खपतो. तुम्ही फक्त चला. तर मानेने नाही म्हणतात! म्हटलं, आता काय? तर म्हणे, "होल्डचा माल हलवायचा नसतो." अहो, कपाळावर हात मारला मी! उठेचनात! खालच्या शकुंतलाताई दूध घ्यायला आल्या, त्यांना वाटलं भांडण झालंय, त्या हळूच बाजूने गेल्या. विनायक धावत आला, "बाबा, चलो ना यार!" बापाला यार म्हणाला, एवढा घाबरला तो. आणि मग ह्यांनीच वाट काढली. "तपासणीसाठी नेता येतो. पण सोबत जबाबदार माणूस पाहिजे." मी म्हटलं, मी आहे ना, लग्नापासून सोबतच आहे!

आणि इथे येऊन काय केलं असेल? ह्याच खोलीत, ह्याच डॉक्टरीणबाई. हुशार आहे पोरगी. तिने पट्टा दंडाला बांधायला घेतला, तर हे म्हणतात, "एक मिनट, बेटा. इस मशीन का कॅलिब्रेशन कब हुआ है?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं! पण ती रागावली नाही. मशीन उलटं केलं, मागची तारीख दाखवली, म्हणाली, "देखिए अंकल, मशीन तो हर साल चेक होती है. आप आखिरी बार कब हुए थे?"

गप्प! आमचे हे गप्प! मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते त्या क्षणाची, आणि तो एका पोरीने आणला. निमूटपणे हात पुढे केला. मग काय, बीपी निघालं वरती, ईसीजीची पट्टी काढली तर त्यात काहीतरी, साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, तिथे सगळ्या तपासण्या. हृदयाची एक नळी अरुंद झालेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "अच्छा हुआ टाइम पर आ गए." नळी मोकळी केली, आत ती जाळीची बारीक नळी बसवली. ह्यांनी टेबलावर आडवं पडल्या पडल्या विचारलं, "उसका बॅच नंबर क्या है?" लिहून घेतला! विनायकच्या हातावर लिहून घ्यायला लावला, दुसरा कागद नव्हता म्हणून.

आणि घरी आल्यावर सावकाश, एकेक पायरी करत जिना चढले. मधल्या टप्प्यावर आले, मी श्वास रोखून वर उभी. हे थांबले. तर वाकून कठड्याकडे बघतायत. म्हणाले, "अलका, इथे खरंच गंज आहे गं." मग वर आले, हट्टाने तोच शर्ट घालून आले होते, आणि मी तो खिशावरचा पिवळा काढला, हिरवा लावला. रडले मी. तुम्हाला काय सांगायचं, त्या गॅलरीत उभं राहून मी इतकी रडले की वंदना म्हणाली, "आई, अब तो पास हो गए ना!"

आता? आता उत्तम आहेत. औषध वेळेवर, चालणं बेताचं, मिठाच्या कपाटाची किल्ली डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर माझ्याकडे आली. त्या म्हणाल्या, "अंकल, नमक कम, बंद नहीं. और आंटी को खाने दीजिए." महिन्यातून एका रविवारी पोहे आणि एक जलेबी, तीसुद्धा हे उजेडात धरूनच खातात, पण खातात. आणि गंमत म्हणजे ही पिवळ्याची लागण पसरली हो टाउनशिपभर! मनोहरभाऊजींच्या बायकोने माझ्याकडून एक मागून नेला आणि त्यांच्या पोटावर चिकटवला. कारण काय, तर "बसल्यावर बुटाची नाडी दिसत नाही." ते आता बागेत ह्यांच्याबरोबर चालतात. शकुंतलाताईंनी त्यांच्या मिस्टरांच्या कानावर लावला, ऐकू येत नाही म्हणून, आणि कानाचं मशीन आलं. ज्यांना हजार वेळा तोंडाने सांगून कळलं नव्हतं, ते पिवळा लागल्यावर सुतासारखे सरळ. कारखान्यातली माणसं, दुसरं काय! बायकोचं ऐकणार नाहीत, स्टिकरचं ऐकतील.

मी तर मिरवत होते हो! सगळ्यांच्या नवऱ्यांना मी अडवते म्हणून. आणि काल संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावून उठले, वळले, तर हे मागे उभे. माझा हात धरला, आणि इथे, मनगटावर... फट्!

मी उडालेच. म्हटलं, मला काय झालंय? मला काही झालेलं नाही! आणि वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. हे वाक्य मी कुठे ऐकलंय? ह्यांचंच ना ते! हे म्हणाले, "कारण लिहिलंय. वाच." बघा, आहे इथे, बारीक अक्षरात, वाचता येतंय? "उठताना भिंत धरते. सगळ्यांच्या मागून जेवते. दमले असेन म्हणते."

खरं होतं हो. कितीतरी दिवस उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तळपायाला मुंग्या. मी आपली म्हणायचे, वय झालं, उन्हाळा आहे, दमले असेन. आपण बायका असंच म्हणतो ना? सगळ्या घराची तपासणी करून घ्यायची आणि आपलं आपण पास करून टाकायचं. मला वाटायचं, कुणाचं लक्ष नाही. त्या माणसाचं होतं. पोळीच्या जाडीकडे बघता बघता माझ्याकडेही बघत होता. मी म्हटलं, ह्या वयात नवरा इतकं बघतो... लाजले मी. हसू नका! देवासमोर लाजले.

सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन झालंय. साखर निघाली तर निघाली, गोळी घेऊ, चालू, ह्यांच्याबरोबर बागेतले नट तपासत फिरू. नाही निघाली तर रविवारी माझ्या वाटच्या दोन जलेब्या. भीती? आहे थोडी. पण सोबत जबाबदार माणूस आहे ना.

काय? माझं नाव पुकारलं? "अलका सोनटक्के!" आले हो सिस्टर, आले! शोभाताई, जरा हात द्या उठायला... थांबा, तुम्ही का माझा हात धरता धरता बाक धरताय? आणि गुडघा असा कट्कन वाजला तो तुमचाच ना? कधीपासून? "मला काय झालंय" म्हणू नका! थांबा, पर्समध्ये आहे माझ्या एक... हं! फट्! आता हलू नका जागेवरून, मी येऊन बघते.

अरे देवा! ते बघा, हे गेले आत माझ्या आधी. ऐकू येतंय? "बेटा, ये शुगरवाली मशीन का कॅलिब्रेशन कब हुआ?" सांगणार कोण? इन्स्पेक्टर ना ते! ...आणि खरं सांगू? आता मला सांगायचंही नाही. तपासू दे. माल त्यांचाच आहे.